बैठक उठेल तेव्हा काय ठरलेलं असेल?

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत दीड वर्षापासून मुख्य कार्यकारी अधिकारी आहे. संचालक १२, त्यांत चार महिला. कर्मचारी आम्ही सहा. दर सोमवारी ११ वाजता मिटिंग असते, सगळे एकत्रच बसतात. सुरू होते १२ ला, संपते अडीच-तीनला. तेच विषय, तीच वाक्यं. शेवटी चहा होतो आणि सगळे उठतात. ऑक्टोबरात सोयाबीन येईल, मागोमाग कापूस. मिटिंग बंदच करावी का? शिस्त लावली तर मोठी माणसं दुखावतील."

ताई, "शेवटी चहा होतो आणि सगळे उठतात" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. बावीस वर्षं मी विदर्भातल्या बैठकांत बसतो आहे. आधी पाणलोटाच्या समित्या, मग बचत गटांचे ग्रामसंघ, आता शेतकऱ्यांच्याच मालकीच्या या उत्पादक कंपन्या. चहानंतर काय होतं ते मला माहीत आहे. चार जण टपरीवर थांबतात. सोयाबीनला काय भाव काढायचा, गोदाम कुणाचं भाड्यानं घ्यायचं, हे तिथं दहा मिनिटांत ठरतं. ती चार माणसं वाईट नसतात. त्यांच्याकडे गाडी असते, वेळ असतो आणि काम अडलेलं असतं, म्हणून ती ठरवून टाकतात. तुमच्या चार संचालिका तेव्हा एसटीच्या थांब्यावर उभ्या असतात.

म्हणून मिटिंग बंद करू नका. बंद केलीत तर उरेल ती फक्त टपरी. तीन तास वाया जातात याचं मला फारसं वाईट वाटत नाही. हेतू नसलेल्या बैठकीतून निर्णय उठून जातो आणि जिथं सगळे नसतात तिथं जाऊन बसतो, याचं मात्र वाटतं. दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई तीन तास ऐकून घरी जाते आणि तिच्या गावच्या मालाचा भाव तिला दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणाकडून कळतो.

आधी तुमची विषयपत्रिका. मी ती पाहिलेली नाही, पण ती अशी असणार: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, सोयाबीन खरेदीबाबत, गोदामाबाबत, भागभांडवल वाढविण्याबाबत, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. ही भाषा सरकारी कार्यालयातून आपल्याकडे आली. फाईलवर विषयाचं नाव लागतं, तिथं ती ठीक आहे. माणसं बोलावताना "बाबत" हा शब्द घात करतो. "सोयाबीन खरेदीबाबत" म्हटलं की एक जण मागच्या वर्षीच्या भावावर बोलतो, दुसरा पिवळ्या मोझॅक रोगावर, तिसरा काट्यावर मारल्या जाणाऱ्या वजनावर. तिघंही विषयाला धरूनच बोलत असतात, त्यांना थांबवणार कसं? दारच एवढं मोठं ठेवलं आहे की बैलगाडीसकट आत येता येतं.

"बाबत" खोडा आणि तिथं प्रश्नचिन्हावर संपणारं वाक्य लिहा. "या हंगामात सोयाबीन कंपनीच्या पैशानं विकत घ्यायचं, की सभासदांचा माल तारण ठेवून त्यांना कर्ज मिळवून द्यायचं?" किंवा "आहे तेच गोदाम मार्चपर्यंत ठेवायचं, की डांबरी रस्त्यावरचं घ्यायचं?" प्रश्न लिहायला बसलात की लगेच लक्षात येतं, विषय तयार आहे की नाही. प्रश्न सुचतच नसेल तर तो विषय अजून पिकलेला नाही. बोंड उमलायच्या आधी कुणी वेचायला जात नाही. तो विषय घेऊन दोन माणसांकडे जा, माहिती काढा, पुढच्या सोमवारी आणा.

प्रश्नाखाली दोन-तीन आकडे हवेत. खात्यात किती पैसे आहेत. मागच्या हंगामात सभासदांनी किती क्विंटल आणलं. कृषी पणन मंडळाच्या तारण योजनेत बाजार समिती सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देते, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजानं. एवढं समोर असलं की बोलणं आपोआप जमिनीवर येतं. हे शनिवारी संध्याकाळी सगळ्यांपर्यंत पोचवा. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना फोन करून वाचून दाखवा, पंधरा मिनिटांचं काम आहे. मधला रविवार फार मोलाचा असतो. संचालक आपल्या गावात चार जणांना विचारतो आणि सोमवारी एकट्याचं मत घेऊन येत नाही.

आता प्रोसिडिंग बुक, म्हणजे इतिवृत्त आणि ठराव लिहायची वही. माझ्या मते आपल्याकडच्या बैठकांचं अर्धं दुखणं या वहीत आहे. "सर्वानुमते असे ठरले की, बारदाना लवकरात लवकर उपलब्ध करून घेण्यात यावा." बारदाना म्हणजे माल भरायची रिकामी पोती. वाक्य व्याकरणानं शुद्ध आहे, पण त्यात माणूस नाही. कुणी आणायचा? किती? पैसे कोण देणार? "लवकरात लवकर" हा कोणता वार? "करण्यात यावे", "पाठपुरावा करण्यात येईल", "दक्षता घेण्यात यावी" अशा वाक्यांतून करणारा नाहीसा होतो आणि सगळ्यांना बरं वाटतं, कारण कुणाच्याच अंगावर काही आलेलं नसतं.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सात-आठ वर्षांपूर्वी एका कंपनीसोबत काम करत होतो. हंगामाच्या तोंडावर तीन सोमवार आम्ही बारदान्यावर बोललो आणि तिन्ही वेळा असंच वाक्य लिहिलं. लिहिणारा मीच होतो. गोदामपालाला वाटलं लेखापाल पैसे काढेल. लेखापालाला वाटलं अध्यक्षांच्या ओळखीनं कुठूनतरी पोती येतील. अध्यक्षांना वाटलं ठराव झाला म्हणजे काम मार्गी लागलं. सोयाबीन निघालं तेव्हा गोदामात पोती नव्हती. पहिले आठ दिवस आलेल्या सभासदांना आम्ही परत पाठवलं. त्यांनी माल गावातल्या व्यापाऱ्याला देऊन टाकला, कारण सोंगणी-मळणीचे पैसे द्यायचे होते आणि मजूर त्या पैशासाठी थांबत नाही. एका बाईंनी मला गोदामाच्या दारात विचारलं, "तुमी त दर सोमवारी मिटिंगा घेत होते ना जी? मंग काय ठरवत होते?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून मी ठराव असे लिहितो आणि लिहून घेतो: "गोदामपाल ४०० पोती गुरुवारी संध्याकाळपर्यंत गोदामात आणतील. त्यासाठीचा चेक लेखापाल बुधवारी दुपारी १२ पर्यंत देतील." कर्ता, आकडा, वार. ज्याचं नाव लिहिलं तो खोलीत हजर हवा आणि त्यानं तोंडानं "हो" म्हटलेलं हवं. गैरहजर माणसाच्या गळ्यात काम बांधलं तर तो पुढच्या वेळीही गैरहजर राहतो. वाक्य तिथंच, सगळ्यांसमोर लिहा. उठण्याआधी मोठ्यानं वाचा. वाचताना कुणीतरी म्हणतंच, "गुरुवारी नाही होणार, गुरुवारी आमच्या इथं बाजार असतो." हेच ऐकायचं असतं. त्याच संध्याकाळी त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाका. पुढची बैठक त्याच पानानं सुरू करा. प्रत्येक ओळीपुढे झालं, नाही झालं किंवा अडलं, एवढंच. "अडलं" असेल तर कशात अडलं ते एका वाक्यात. कारणांची कहाणी नंतर, त्या माणसाशी एकट्यानं.

तुमच्या सोमवारात आणखी एक गुंता दिसतो. तिथं एकाच वेळी तीन कामं चालतात. काही गोष्टी फक्त सांगायच्या असतात, काहींवर मतं हवी असतात, काही ठरवायच्या असतात. नवीन परिपत्रक आलं हे सांगायला अठरा माणसं बोलवायची गरज नाही. व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांचा आवाज पाठवा. पण व्हॉट्सॲपवर ठरवू मात्र नका. तिथं मत न देणारा गप्प आहे की त्याला रेंज नाही, हेच कळत नाही, आणि रात्री दहाला टाकलेल्या एका वाक्यावरून आठ दिवस अबोला राहतो.

मत घेणं आणि ठरवणं यांत फरक करायला मी गडचिरोली जिल्ह्यात शिकलो. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव तुम्हाला माहीत असेलच. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं. तिथं ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीनं होतात, बहुमतानं नाही. बाहेरच्या माणसाला हे अशक्य वाटतं, कारण आपण सर्वसहमतीची कल्पना एका बैठकीत करून बघतो. त्या गावात ग्रामसभेच्या जोडीला अभ्यास गट असतो. तिथं विषयाचा काथ्याकूट होतो, माहिती काढली जाते, गरज पडली तर बाहेरच्या जाणकाराला बोलावतात. अभ्यास गट काहीही ठरवत नाही. ठरवण्याचा अधिकार फक्त ग्रामसभेचा. त्यामुळे अभ्यास गटात माणूस मोकळेपणानं चुकतो, प्रश्न विचारतो, मत बदलतो. ग्रामसभेत विषय येतो तेव्हा तो चघळून झालेला असतो.

तुमच्या कंपनीत ही पद्धत जशीच्या तशी आणता येणार नाही. पण मोठा विषय दोन सोमवारांत विभागता येतो. पहिल्या सोमवारी त्या विषयापुढे लिहा: "आज फक्त ऐकायचं, ठरवायचं नाही." दुसऱ्या सोमवारी: "आज ठरवायचं." स्वतःची दाळमिल टाकावी का, असा प्रश्न एका बसण्यात ठरवलेला मला कधी चांगला ठरलेला दिसला नाही. बारदान्याचा प्रश्न मात्र दोन सोमवारी नेला तर तो गुन्हा आहे.

वेळेचं बोलू. "आपली माणसं वेळेवर येतच नाहीत" हे मी कुणाकडूनही ऐकून घेत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. १९६८ साली महाराजांनी देह ठेवला ती ही वेळ. अफाट समुदाय त्या मिनिटाला जागच्या जागी स्तब्ध होतो. ही सगळी आपल्याच गावांतली माणसं आहेत, शेतातून आलेली, ट्रॅक्टरमधून उतरलेली. पावणेपाचला ती जागेवर असतात, कारण ४.५८ ला काय होणार आहे हे त्यांना ठाऊक असतं. तुमच्या ११ वाजता काय होतं? काहीच नाही, पुढचा एक तास. मग १२ ला येणारा माणूस शहाणाच म्हणायचा.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पहिला घ्या, शेवटी ढकलू नका. भाव ठरवायचा असेल तर तो ११ वाजून १० मिनिटांनी ठरू द्या. एकदा उशिरा आलेल्या माणसाशिवाय भाव ठरला की पुढच्या वेळी तो वेळेवर येतो, त्याला काही बोलावं लागत नाही. वेळही एसटी बघून ठरवा. शेवटच्या गावाची गाडी १०.४० ला येत असेल तर ११ ठीक. ती ११.२० ला येत असेल तर ११ ची वेळ म्हणजे त्या गावाचा अपमान आहे. मे महिन्यात ४५ अंशांत दुपारी कुणाला बसवू नका, सकाळी ८ ला घ्या. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी.

आणि चहा आधी द्या. हे मी फार उशिरा शिकलो. वीस-तीस किलोमीटरवरून आलेल्या माणसाला आधी पावसाचं, लग्नाचं, कुणाच्या दवाखान्याचं बोलायचं असतं. ते बोलणं फालतू नाही, त्याशिवाय पुढचं बोलणं नीट होत नाही. त्याला बैठकीत जागा दिली नाही तर ते बैठकभर मधूनमधून डोकं वर काढतं. पावणेअकराला चहा, पाऊसपाणी सगळं बोलून घ्या, ११ ला पहिला प्रश्न.

कर्मचाऱ्यांची बैठक संचालकांपासून वेगळी करा. क्षेत्र समन्वयकाची मोटरसायकल नादुरुस्त आहे हे १२ संचालकांनी ऐकून काय उपयोग? आणि संचालक समोर बसलेले असताना गोदामपाल कधीच सांगणार नाही की परवा आलेला माल ओला होता. सहा जणांचं रोजचं काम उभ्या उभ्या होतं. हंगाम सुरू झाला की खरेदी केंद्रावर रोज सकाळी, पहिली गाडी लागायच्या आधी, पंधरा मिनिटं. फळ्यासमोर. बोलायचं एवढंच: काल काय अडलं, आज काय अडू शकतं. बारदाना किती उरला, हमाल किती आले, चाळणी चालू आहे का, काल किती जणांचे पैसे द्यायचे राहिले.

आणि आजचा भाव, ओलाव्यासकट, फळ्यावर. हे आधीच ठरायला हवं, गाडी रिकामी व्हायला लागल्यावर नाही. कापसाचं उदाहरण घ्या. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, ८ ते १२ टक्के ओलाव्याचा कापूस घेते. ८ च्या वर गेला की त्या प्रमाणात भाव कमी होतो, १२ च्या वर घेतच नाही. सोयाबीनच्या हमीभावाच्या खरेदीलाही ओलाव्याचा निकष साधारण १२ टक्के. तुमचं केंद्र १३ चा माल घेणार का, घेतला तर किती कापणार, वाळवून आणा म्हणणार का, हे सकाळी सव्वासातला ठरलं नसेल तर ते दहा वाजता काट्यावर ठरतं. तिथं रांगेत उभा असलेला शेतकरी, ओलावा मोजायचं मीटर धरलेला पोरगा आणि ओळखीचा संचालक असे तिघं असतात. ओळखीच्याचा १४ चालतो आणि अनोळख्याचा १३ परत जातो. कंपनीवरचा विश्वास तिथं तुटतो, आणि तुटलेला परत जोडायला दोन-तीन हंगाम लागतात.

मोठ्या माणसांचं तुम्ही विचारलं आहे. बैठकीची पद्धत बदलताना माणूस दुखावतो तो बहुतेक वेळा आधी न सांगितल्यामुळे. शनिवारी अध्यक्षांच्या घरी जा. प्रश्नांची ती कागदाची पट्टी त्यांच्यासमोर ठेवा. "काका, या तीन गोष्टी सोमवारी ठरल्या पाहिजेत. तुमचं काय म्हणणं?" त्यांना जे अर्धा तास बोलायचं असतं ते तिथं बोलू द्या. त्यात कामाच्या गोष्टी असतात, खरंच. त्यांनी जुने व्यवहार पाहिलेले असतात. मग एक विनंती करा: सोमवारी तुम्ही शेवटी बोला. कारणही सांगा. अध्यक्ष आधी बोलले की बाकीचे "हो जी, बरोबर आहे" म्हणतात आणि वेगळं मत असलेला माणूस ते टपरीवर बोलतो. सगळ्यांचं ऐकून अध्यक्षांनी शेवटी निकाल सांगितला तर त्यांचा मान वाढतो, कमी होत नाही. माझ्या अनुभवात दहातले आठ अध्यक्ष हे आनंदानं मान्य करतात. आपल्याकडे जुना पंचही असाच शेवटी बोलत असे.

बाया बोलत नाहीत अशी तक्रार असते. त्यांना आपण कसं विचारतो ते बघा. "ताई, तुम्हाला काही बोलायचं आहे का?" याचं उत्तर "नाही" असंच येणार. त्याऐवजी: "ताई, तुमच्या गावात यंदा सोयाबीन किती घरी पेरलं आणि किती जण दिवाळीआधी विकणार?" याचं उत्तर त्यांच्याइतकं नेमकं कुणाकडेच नसतं. आपल्या राज्याच्या कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायला सांगितली आहे, ते उगाच नाही. आधी आपापसांत बोलून झालेलं असलं की मोठ्या सभेत आवाज निघतो. तुमच्या चार संचालिकांना शक्य असेल तर अर्धा तास आधी बोलवा आणि तेच प्रश्न त्यांच्यासोबत घ्या.

आवाजानं निर्णय होऊ द्यायचा नसेल तर आणखी एक साधी युक्ती आहे, गावाच्या नियोजनात आम्ही ती खूप वापरली. जमिनीवर खडूनं तीन वर्तुळं काढायची, तीन पर्यायांची. प्रत्येकाला तुरीचे पाच दाणे. ज्याला जो पर्याय जितका पटतो तितके दाणे तिथं. वाचता येणारा, न येणारा, मोठा, लहान, सगळ्यांचे दाणे सारखेच. दाणे टाकून झाल्यावर मग बोलायचं: इथं एवढे कमी का पडले? त्या बोलण्याची जात वेगळी असते. हा अंतिम निर्णय नाही आणि मतदानही नाही, सगळे कुठं उभे आहेत ते आधी डोळ्यांना दिसावं एवढ्यासाठी.

ऐनवेळचे विषय येणारच. ते अडवू नका, फळ्याच्या एका कोपऱ्यात "दावण" असं लिहून त्याखाली टिपा. दावणीला बांधलेलं जनावर कुणी सोडून दिलेलं नसतं, ते जागेवर असतं आणि त्याचा नंबर येतो. बैठक संपताना प्रत्येकाचं ठरवा, पुढच्या सोमवारी की कुणाच्या अंगावर. पाऊस आला, ट्रक उलटला, असं काही असेल तेच त्याच दिवशी.

संचालक मंडळाच्या औपचारिक सभेचा सोमवारच्या बैठकीशी घोळ करू नका. उत्पादक कंपन्यांसाठी कंपनी कायद्यात नियम स्पष्ट आहेत. मंडळाची सभा दर तीन महिन्यांत किमान एकदा, वर्षाला किमान चार. सूचना किमान सात दिवस आधी. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण संचालकांच्या एक तृतीयांश, पण तीनपेक्षा कमी नाही. तुमच्याकडे १२ आहेत, म्हणजे चार. इतिवृत्त ३० दिवसांत वहीत उतरलं पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ही सभा होतच नाही, वही घेऊन पोरगा घरोघरी सह्या गोळा करतो. तुम्ही मुख्य कार्यकारी आहात म्हणून कळकळीनं सांगतो, हे एकदाही करू नका. त्या वहीवर कर्ज उचललं जातं, त्या वहीवर खरेदीदाराला उधारीनं माल दिला जातो. पैसे अडकले की सही करणारा म्हणतो, "मला काय माहीत, मी तर शेतात होतो." आणि तो खरं बोलत असतो. कर्ज, मोठी उधारी, भाव ठरवण्याचे अधिकार कुणाला, नवीन सभासद, हे विषय औपचारिक सभेतच यावेत.

सरकारी आढावा बैठकांवर तुमचा ताबा नाही. तिथं जाताना एका पानावर तीन आकडे आणि एकच मागणी घेऊन जा.

एका प्रकारच्या बैठकीला यातलं काहीही लागू नाही. एका फेब्रुवारीत एका गावात गारपीट झाली, हरभरा-गहू झोपला. तिसऱ्या दिवशी गावात बैठक होती, आधीच ठरलेली. मी विषयपत्रिकेप्रमाणे गेलो आणि दुसऱ्याच विषयाला वसुलीची यादी काढली. नावं वाचायला लागलो. चौथ्या नावाचा माणूस उठला आणि काही न बोलता निघून गेला. त्याच्यामागून बाकीचेही गेले. त्या गावानं मला पुन्हा आत घ्यायला एक वर्ष लावलं. विदर्भात काम करणाऱ्यानं हे विसरता कामा नये की घरात कुणी गेलं असेल, पीक गेलं असेल, तर माणसं जवळ बसायला येतात. त्या बैठकीचाही हेतू असतो, बसणं आणि ऐकणं. तो आधीच मनात स्पष्ट करा, यादी पिशवीतच राहू द्या. पंचनाम्याचे कागद कोणते लागतात एवढं विचारलं तर सांगा.

आता तुमचा येता सोमवार. एकदम सगळं बदलू नका. आधी गेल्या सहा महिन्यांचं प्रोसिडिंग बुक आणि लाल पेन घेऊन बसा. ज्या ठरावात माणसाचं नाव नाही किंवा वार नाही त्याखाली रेघ मारा. ती पानं अध्यक्षांना दाखवा, कुणाला दोष न देता, कारण ते सहा महिने तुमचेही आहेत. मग पहिले तीन सोमवार फक्त "बाबत" काढून प्रश्न लिहा आणि शेवटी ठराव मोठ्यानं वाचा. बाकी सगळं आहे तसंच. चौथ्या सोमवारपासून कर्मचाऱ्यांची बैठक वेगळी. कुणीतरी म्हणेलच, "आता मिटिंगमध्ये बोलूच देत नाहीत." त्यांना दावण दाखवा आणि त्यांचा विषय तिथं स्वतःच्या हातानं लिहायला सांगा.

सोयाबीनला जेमतेम महिना आहे. त्यामुळे पहिल्या सोमवारी तीनच प्रश्न घ्या: बारदाना कोण, किती, कधी आणणार? ओल्या मालाचं काय करायचं? ज्या दिवशी माल आला त्याच्या किती दिवसांत पैसे देणार? तिसऱ्याचं उत्तर लेखापालाकडून घ्या, सगळ्यांसमोर, आणि तो "बघू" म्हणाला तर पेन खाली ठेवून थांबा.